ढकलणाऱ्याची पाळी

मोटार माळ्यावरून खाली उतरवायला दोन माणसं लागली आणि सूचना द्यायला एक. वर दादाचा मुलगा बाळ, शिडीच्या पायथ्याशी दादाचा पाठचा भाऊ मिस्तरी, आणि बाजूला हातात मऊ फडकं घेऊन दादा, "डावीकडून घे, अरे डावीकडून, तिचं उजवं चाक नाजूक आहे," असं उंटावरून शेळ्या हाकत उभा. मिस्तरीने बाबांच्या मागे त्यांचं गॅरेज सांभाळलं, जन्मभर गाड्यांचे पत्रे ठोकले आणि रंगवले. कुठलं चाक नाजूक हे त्याला एका निवृत्त ग्रंथपालाने सांगावं, याचं आता त्याला काही वाटेनासं झालं होतं. तो नुसता "हं" म्हणाला आणि मोटार उजवीकडून घेतली.

दोघा भावांची बहीण धाकटी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. दादा आणि वहिनी हे घर सोडून लिफ्टच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायला चालले होते. वहिनींच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले होते. सामान न्यायला संध्याकाळी टेम्पो येणार होता. खोक्यांवर खोकी चढली होती, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिके चौकोन उरले होते, आणि माळ्यावर शेवटची राहिलेली वस्तू म्हणजे ही पायडलची मोटार. ती खाली आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहान निघाली.

लांबट नाक, पुढे जाळीचे दात, एक दिवा आणि दुसऱ्याच्या जागी भोक. वरचा रंग हिरवा, पण त्याचे टवके उडालेले. टवक्यांतून पिवळा दिसत होता, पिवळ्याखाली लाल, लालखाली निळा. बैठकीचा पत्रा गंजून जाळी झाला होता.

या घरात मोटारीचे नियम बाबांनी घातले होते आणि ते शाळेच्या नियमांपेक्षा कडक होते. गुडघे स्टिअरिंगला लागले की उतरायचं. उतरेल तो ढकलणारा. चढावर मागून ढकलायचं, उतारावर मागून धरून पळायचं, आणि हॉर्न ढकलणाऱ्याने तोंडाने द्यायचा, कारण मोटारीला हॉर्न कधी नव्हताच. नव्याने बसणाऱ्याला त्याच्या आवडीचा रंग. दादाचा निळा; त्याला बाबांनी ढकललं. मिस्तरीचा लाल, त्याला दादाने. धाकटीचा पिवळा, तिला मिस्तरीने. मग धाकटीचे गुडघे लागले. ती नियमाप्रमाणे उतरली, मागे जाऊन दोन्ही तळवे मोटारीच्या पाठीवर टेकून उभी राहिली, आणि बसायला कुणी आलंच नाही. शेंडेफळाचे लाड सगळे होतात, पण त्याच्यामागून कुणी येत नाही.

पुढे दादाला बाळ झाला, तेव्हा ती परगावी नोकरीला होती. सुट्टी काढून यायची ती दिवाणखान्यात बसून पाहुणीसारखा चहा घेऊन जायची. एकदा चांगली मोठी रजा टाकून आली, तर बाळचे गुडघे स्टिअरिंगला लागून वर महिना झालेला. त्याला मिस्तरीने ढकललं होतं. म्हणजे मिस्तरीच्या दोन पाळ्या झाल्या आणि तिची एकही नाही. ही गोष्ट तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती, आणि विसरलीही नव्हती. तिने लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, त्याचं दुःख करत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाखाली जास्तीचा ब्रेक ठेवून, तिने अर्धं गाव रस्त्याला लावलं होतं. पण आज अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला एक गोष्ट मनापासून हवी होती. बाळची मुलगी चिमणी साडेचार वर्षांची होती, आणि तिला एकदा, एकदाच, फाटकापासून शेडपर्यंतच्या चढावर ढकलत न्यायचं होतं. हे मागायची तिला लाज वाटत होती. या वयात बाईने हट्ट तरी कसला धरावा.

मोटार अंगणात आणून ठेवली. दादा आणि मिस्तरी व्हरांड्यात वाद घालायला बसले, बाळ त्यांच्यात पंच म्हणून अडकला. तेवढ्यात धाकटीने चिमणीला उचलून हळूच मोटारीत ठेवलं. बैठकीच्या भोकावर स्वतःची पर्स ठेवली, म्हणजे पत्रा टोचायला नको.

"पाय लांब कर."

चिमणीने केले. धाकटीने तिचा गुडघा आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये बोटं घालून बघितली. दोन बोटं मावली. तिसरं जाईना.

"ब्रेकआजी, हॉर्न कुठेय?" चिमणी सगळीकडे चाचपून म्हणाली. तिने धाकटीला हे नाव दिलं होतं आणि आता धाकटीच्या विद्यार्थ्यांनीही ते उचललं होतं.

"असतो. मागे असतो."

"मागे कशाला?"

"कळेल," धाकटी म्हणाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं दोन बोटं तर सहज वाढतात, हे तिला माहीत होतं.

व्हरांड्यात तोवर चांगलंच रंगलं होतं.

"हात लावायचा नाही," दादा म्हणत होता. "जुनी वस्तू सापडली तशी ठेवायची असते. एकेक टवका हा इतिहास आहे."

"सापडली कुठे? तुझ्याच माळ्यावर होती," मिस्तरी म्हणाला. "आणि गंज म्हणजे गंज. त्याला इतिहास म्हणायचं तर माझ्या गॅरेजात विद्यापीठ निघेल."

"संग्रहालयात खेळण्यांचं दालन उघडतायत. मी त्यांच्याशी बोललोय. काचेच्या पेटीत ठेवतील. उद्या सकाळी माणूस येतोय न्यायला."

"काचेच्या पेटीत मासे ठेवतात. गाडी रस्त्यावर शोभते. मी सगळा रंग उतरवतो, पत्रा उघडा करतो, खड्डे काढतो, आणि असा निळा मारतो की बाबांनी बघितलं असतं तर माझी पाठ थोपटली असती."

"निळा का पण?" बाळ म्हणाला. पंचाने आपला रंग पुढे करू नये, पण त्याच्याने राहवलं नाही. "सगळ्यात वर माझा हिरवा आहे. काका, तो तुम्ही खरवडून टाकणार?"

"मूळचा रंग निळा आहे."

"मूळचा म्हणजे दादांचा. मग तुमचा लाल, आत्याचा पिवळा, हे सगळं जाणार?"

दादाला अचानक एक माणूस मिळाला. त्याने बाळच्या पाठीवर हात ठेवला, आणि जो मुलगा काल गाद्या कुठे ठेवायच्या यावरून त्याच्याशी धड बोलत नव्हता तो आज त्याच्या पक्षात आला. मग दादाने खिशातून पुठ्ठ्याची पट्टी काढली. ग्रंथपालाचं अक्षर ते, मोत्यासारखं. 'पायडलची मोटार. वाहने रंगवणाऱ्या एका कुटुंबातील चार मुलांनी वापरलेली. कृपया हात लावू नये.'

"पट्टी तयार आणि निर्णय व्हायचाय," मिस्तरी म्हणाला. "मग आम्हाला बोलावलंस कशाला, उचलायला?"

आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या. "मला एवढंच कळतं, की ती नव्या घरात येणार नाही. तिथे हे आणि मी मावलो तरी पुष्कळ. काय ते टेम्पो यायच्या आत ठरवा. हवं तर मतं घ्या. पाचामुखी परमेश्वर."

"तुझं मत कुणाला?" दादाने विचारलं.

"माझ्या मुलाचा हिरवा खरवडणार असतील तर मी तुमच्याकडे. एरवी मी कुणाचीच नाही."

म्हणजे दादाकडे तीन मतं झाली. मिस्तरी एकटा पडला आणि त्याने धाकटीकडे बघितलं. लहानपणी दादा दार लावून पुस्तक वाचायला लागला की तो तिच्याकडे असाच बघायचा. तिला त्याची दया आली. शिवाय तिने मनात हिशेब मांडला होता: मिस्तरी गाडी चालती करेल, आणि चालत्या गाडीला बसणारं आणि ढकलणारं लागतंच.

"मी मिस्तरीकडे," ती म्हणाली.

"शाब्बास."

"किती दिवस लागतील रे तुला?"

"दिवस?" मिस्तरी हसला. "अगं, रंग उतरवायचा, पत्रा ठोकून सरळ करायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, घासायची, परत भरायची. दिव्याची जोडी शोधायची. तेही हातातली गिऱ्हाइकांची कामं सांभाळून. वर्ष धर."

"वर्ष?"

"चांगलं काम घाईत होत नाही."

"आणि मग चिमणी बसेल त्यात?"

"बसेल? असा आरसा करणार आहे मी मोटारीचा, की माशी बसली तरी हाकलीन."

धाकटीने अंगणात बघितलं. चिमणी पर्सवर बसून स्टिअरिंग फिरवत होती आणि तिचे गुडघे वर्षभर काही थांबून राहणार नव्हते.

"मग मी दादाकडे," ती म्हणाली.

मिस्तरीने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने सिग्नल तोडला होता. दादाने पट्टी पुन्हा एकदा झटकली. "चार विरुद्ध एक. संपलं."

"पण दादा, उद्या नेण्याआधी ती एकदा अंगणात फिरवली तर?"

"फिरवायची?" दादाने चष्मा काढला. "अगं, एखादा भाग निखळला तर? ते म्हणालेत, चाकंसुद्धा फिरवू नका. आणि त्या पोरीला आधी खाली उतरव. कुणी बसवलं तिला?"

"मग मी तुझ्याकडेही नाही."

"धाकटे," मिस्तरी शांतपणे म्हणाला, "तू तळ्यात की मळ्यात, एकदा सांग बाई."

समोरून ट्रक येत असताना हातपाय गळालेल्या शिकाऊ माणसाला ती गेली कित्येक वर्षं एका शब्दात ताळ्यावर आणत होती, पण घरच्यांसमोर तिची जीभ नेहमी अशीच टाळूला चिकटायची. तिने चिमणीला उतरवून बाळकडे दिलं आणि स्वयंपाकघरात गेली.

वहिनी कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. धाकटी समोर बसली आणि बश्या घेऊन गुंडाळू लागली.

"काय हवंय तुला नक्की?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणणारं माणूस दोन मिनिटांत दोनदा पक्ष बदलत नाही. आणि ती बशी तू तिसऱ्यांदा गुंडाळतेयस."

धाकटीने बशी खोक्यात ठेवली. "वहिनी, तुम्ही हसाल."

"हसले तर हसले. सांग."

मग तिने सांगितलं. सुरुवात अडखळत झाली, पण एकदा तोंडातून निघालं तसं सगळंच निघालं: ती उतरली तो दिवस, मागे तळवे टेकून उभी राहिली ते, रजा टाकून आली ते. आणि आता चिमणीची दोन बोटं. बोलून झाल्यावर तिला आपलं बोलणं फार पोरकट वाटलं आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हातातली कपबशी तशीच मांडीत ठेवली.

"एवढं पोटात घेऊन बसलीस? मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. ते दोघे भाऊ तर भाऊच आहेत."

"या वयात कसं मागायचं?"

"त्या वयात मागितलं नाहीस, आता या वयात तरी माग. तिसरं वय कुठलंय?" मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि त्यांचं भांडण काही रंगाचं नाही गं. सासरी आले तेव्हापासून बघतेय. यांना ती पेटीत ठेवायचीय म्हणजे रोज जाऊन बघता येईल. भावजींना ती वर्षभर गॅरेजात हवीय म्हणजे रोज हात फिरवता येईल. दोघांनाही ती सोडवत नाहीये, एवढंच. जा."

धाकटी बाहेर आली तेव्हा दोघे भाऊ अंगणात मोटारीच्या मागे वाकले होते. पुढून भांडून झालं होतं, आता मागून चाललं होतं.

मोटारीच्या पाठीवर, दोन बाजूंना, तळव्याएवढ्या दोन जागा होत्या. तिथला रंग पार झिजून पत्रा लख्ख झाला होता, आणि त्याच्या भोवती, आतून बाहेर, निळं, लाल, पिवळं, हिरवं अशी वलयं उमटली होती.

"हे भरावंच लागेल," मिस्तरी म्हणाला. "इथे रंग कधी टिकलाच नाही. बाबा दर वेळी म्हणायचे, इथे दोन हात जास्त मार."

"हे तर मुळीच भरायचं नाही. हे माझे हात आहेत."

"तुझे? माझ्या दोन पाळ्या झाल्यात इथे. तुझी एक."

"माझी पहिली. पाया मी घातला."

"माझे नाहीत," धाकटी म्हणाली.

दोघांनी वर बघितलं.

"इथे तुम्हा दोघांचे हात आहेत, बाबांचेसुद्धा. माझे नाहीत. मी उतरले आणि नियमाप्रमाणे मागे जाऊन उभी राहिले, आणि माझी पाळी आलीच नाही. बाळच्या वेळी मिस्तरीने घेतली. आता नियमाने पाळी बाळची, पण मला चिमणीला ढकलायचंय. आज, टेम्पो यायच्या आधी. नंतर पेटीत घाला नाहीतर आरसा करा, मला काही म्हणायचं नाही."

बाळने चिमणीला कडेवरून खाली ठेवलं. मिस्तरी हळूहळू सरळ झाला. त्याची कंबर आता वाकल्यावर लगेच उठत नव्हती.

"अगं, मग इतक्या वर्षांत सांगायचं नाही का?"

"तू दोनदा ढकललंस तेव्हा विचारलंस का मला?"

"तुला काय वाटतं, मला मजा येत होती? बाळ तरी बरा होता. तू उतारावर दोन्ही पाय जमिनीला लावून ब्रेक मारायचीस, आणि मी तोंडावर आपटायचो."

"त्या ब्रेकवरच तर पोट भरलं माझं."

बाळ पहिल्यांदा हसला. मग मिस्तरीही, आणि हसता हसता त्याला काहीतरी आठवलं. "तुझा पिवळा कुठला होता माहितेय? शाळेच्या बसचा. उरलेला."

"मला तर बाबांनी सांगितलं होतं, खास माझ्यासाठी मागवलाय."

"मलाही. माझा लाल आगीच्या बंबाचा. बाबांच्या हाताखाली कामाला लागलो तेव्हा त्यांनीच सांगितलं, आणि म्हणाले, त्या दोघांना सांगू नकोस."

दादा पट्टी हातात घेऊन उभा होता. त्याने फार सावधपणे विचारलं, "आणि निळा?"

"दुधाच्या टँकरचा."

दादाचं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं आणि घरातली ही बातमी त्याला कुणी कळू दिली नाही. पण रागावल्यासारखा तो दिसला नाही. उलट, बाबा समोर असते तर त्यांच्याकडे बघून हसला असता, तसं काहीसं त्याच्या तोंडावर आलं. "टँकरचा," तो पुन्हा म्हणाला. मग त्याने पट्टी खिशात ठेवली. "मिस्तरी, रंगाला हात न लावता ही चालायला काय लागेल?"

हा प्रश्न मिस्तरीला सकाळपासून कुणी विचारायला हवा होता. तो फरशीवर पाठ टेकून आडवा झाला आणि त्याने मोटारीखाली डोकं घातलं. "पायडलचा दांडा निसटलाय, पिन नाही. टायर गेलेत. बाकी ठणठणीत आहे. बाळ, माझ्या गाडीतून हत्यारांची पेटी आण. आणि सायकलची जुनी ट्यूब आहे मागे, तीही."

"मूळची पिन नाही तर मग," दादाने सुरुवात केली.

"बोल्ट घालतोय. वाटलं तर काढता येतो. ट्यूबही नुसती गुंडाळतोय. तुझ्या इतिहासाला ओरखडा येणार नाही."

मग दादा कपड्यांची पर्वा न करता त्याच्या शेजारी खाली बसला आणि बॅटरी धरली. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "डावीकडून घाल." मिस्तरीने या वेळी डावीकडूनच घातला. धाकटीने ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या, बाळने त्या चाकांवर ताणून बसवल्या, वहिनींनी आतून एक उशी आणली आणि ती परत मिळायला हवी असं बजावलं. सकाळपासून हे घर पहिल्यांदा एका कामाला लागलं होतं, आणि धाकटीला वाटलं, बोल्ट अजून थोडा वेळ नाही घट्ट झाला तरी चालेल.

तो झाला. मिस्तरीने चाक फिरवून बघितलं, तेल सोडलं, परत फिरवलं. मग गुडघ्यावर बसून त्याने चिमणीला विचारलं, "आता नियमाप्रमाणे बसणाऱ्याचा रंग. तुझा कुठला?"

दोघे भाऊ श्वास रोखून उभे राहिले. नियम बाबांचा होता, त्यामुळे पोरगी जे बोलेल त्यावर अपील नव्हतं. चिमणी मोटारीभोवती फिरली. मागे गेली, झिजलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि वलयांवरून फिरवलं.

"हा."

"कुठला हा? हिरवा?"

"हे सगळं."

"सगळं म्हणजे, आहे तसंच?" दादाने विचारलं. त्याचा आवाज किंचित चढला होता.

"हो. मस्तय."

दादाने मिस्तरीकडे बघितलं. जिंकल्यासारखं बघितलं, हे कबूल करायला हवं. मिस्तरीने डोकं खाजवलं. "वरून पारदर्शक लाखेचा एक हात तरी मारू दे. गंज थांबेल. दिसणार नाही काही."

"दिसणार नाही ना?"

"शपथेवर."

"मग मार. दोन मार," दादा म्हणाला. "संग्रहालयाला मी फोन करतो. मोटार अजून वापरात आहे म्हणून सांगतो. धाकटे, तुझ्या ऑफिसात जागा आहे का?"

जागा होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात एक मोटार ठेवायला जागा नसेल तर कुठे असेल. धाकटीने जोरात मान हलवली.

मोटार फाटकाशी नेऊन शेडकडे तोंड करून उभी केली. चिमणी उशीवर बसली. धाकटीने पदर खोचला आणि मागे गेली. तिचे तळवे त्या झिजलेल्या जागांत अचूक बसले असते तर गोष्टीला शोभलं असतं. तसे ते बसले नाहीत. त्या जागा लहान मुलांच्या उंचीवर होत्या, तिला कमरेत चांगलंच वाकावं लागलं, आणि तळवे जागेबाहेर येऊन हिरव्यावर टेकले. पत्रा उन्हाने कोमट झाला होता.

"पायडल मार," ती म्हणाली. "मी आहे मागे."

मोटार आधी हटून बसली, मग कुरकुरली, मग निघाली. चढ आठवणीतल्यापेक्षा मोठा होता की तिचे गुडघे आठवणीतल्यापेक्षा जुने होते, ठरवता आलं नसतं. पुढे चिमणीची वेणी हलत होती. हाताखाली पत्रा थरथरत होता. ढकलताना हाताला नेमकं कसं वाटतं हे तिने इतक्या वेळा मनात करून बघितलं होतं, पण हा थरथराट तिच्या हिशेबात नव्हता. तिला फार आनंद झाला, इतका की त्यात लाजेला जागाच उरली नाही.

"ब्रेकआजी, हॉर्न," चिमणी ओरडली.

विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्या शिकाऊ माणसाला धाकटी गाडी बाजूला घ्यायला लावून दोन शब्द सुनवायची. तिने घसा साफ केला.

"पों."

"जोरात."

"पों पों," धाकटीने अशा आवाजात दिला की वहिनी हातातला कप घेऊन व्हरांड्यात आल्या. तिच्या मागे मिस्तरी आणि दादा चालत येत होते, शेजारी शेजारी, कुठलंही कारण नसताना.

शेडपाशी मोटार थांबली. चिमणी आपली आपण उतरली, मागे आली, आणि धाकटीच्या शेजारी उभी राहून तिने आपले इवलेसे तळवे मोटारीच्या पाठीवर टेकले. तिचे मात्र नीट बसले.

"आता मी कुणाला ढकलू?"

बाळने दुसरीकडे बघितलं. चिमणी एकटी होती, आणि तिच्यामागून येणारं कुणी आत्ता तरी दिसत नव्हतं. हा प्रश्न काय असतो हे त्या अंगणात एकाच माणसाला ठाऊक होतं.

धाकटीने तिला उचललं, परत मोटारीत ठेवलं आणि गुडघ्यावर बोटं घालून बघितली.

"दोन बोटं आहेत अजून," ती म्हणाली. "मग आत्ताच कुठे उतरतेस? ढकलायला माणूस शोधायचं ते आपण नंतर बघू, आणि नाही मिळालं तर मी येईन बसायला. आत्ता बस."

तिने मोटार फाटकाकडे वळवली. उतारावर मागून धरून पळायचं असतं. तिने पाठीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पळाली, अठ्ठावन्न वर्षांची बाई, चपला सोडून, चिमणीच्या किंचाळ्यांच्या मागे. तेवढ्यात फाटकाशी टेम्पो येऊन उभा राहिला, आणि वाट मोकळी करा म्हणून चालकाने हॉर्न दिला.

धाकटीने त्याला हॉर्न दिला.

टेम्पो मागे गेला.